पंपाला नाही, ट्यूबला घाबरा

"डॉक्टर, पंप नको हो, त्यात स्टिरॉइड असतं म्हणे!" दम्याच्या पोराची आई असं म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा फुगलेल्या दंडांचा पहिलवान असतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सनचं सुवर्णपदक काढून घेतलं, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला, तोही बदनाम होऊनच. पण स्नायू फुगवणारं ते स्टिरॉइड वेगळं आणि श्वासनलिकेची सूज उतरवणारं पंपातलं वेगळं. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. बातमीत हे सांगायला दोन ओळी पुरतात, पण मथळ्यात भीतीच जास्त खपते ना! मग पंप कपाटात आणि पोर रात्रभर खोकतंय.

दुष्परिणाम नाहीतच असं नव्हे. तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायची. गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

आणि त्याच घरातली थोरली? गोरं व्हायचं म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळतेय. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाला, तरी ती सर्रास मिळतात. कातडी पातळ होते, लाली येते, मुरमं, लव वाढते. तिथे मात्र कुणी दचकत नाही, कारण जाहिरातीत गोरी मुलगी हसत असते! आज घरातली ट्यूब उलटून बघाच. बीटामिथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही लिहिलंय का?