माळ्यावरची अडगळ, पाखरांचे ताट

अनेक सोसायट्यांमध्ये हे दृश्य ओळखीचे आहे. सकाळची पूजा आटोपली की घरातल्या आजी खिडकीच्या कठड्यावर मूठभर तांदूळ टाकतात. मनात असतात लहानपणच्या अंगणातल्या चिमण्या. येतात मात्र दहा-बारा कबुतरे. बघता बघता दाणे संपतात, कठड्यावर विष्ठेचा थर चढतो आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेली चादर दाखवायला वर येतात. सुनेला दोघींचेही पटते. शेवटी दाणे टाकणेच बंद होते आणि आजी दिवसभर गप्प राहतात.

खरे तर इतके टोक गाठण्याची गरज नाही. चूक आजींच्या मायेत नाही, उघड्यावर टाकलेल्या दाण्यात आहे. दाणे कशात ठेवले, यावर जेवायला कोण येणार हे बरेचसे ठरते. त्यासाठी महागडा फीडर विकत आणायलाच हवा असेही नाही. माळ्यावर पडलेल्या, बोहारणीसाठी काढून ठेवलेल्या किंवा भंगारवाल्याच्या गाडीवर मिळणाऱ्या वस्तूंतून तो घरीच तयार होतो.

बाटलीचे कोठार

चिमणीचे वजन साधारण 25 ते 30 ग्रॅम, तर कबुतराचे 300 ग्रॅमच्या आसपास. हा फरकच कामाला येतो. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी. तळापासून तीन-चार बोटे वर आरपार भोके पाडून पेन्सिलीच्या जाडीची काडी घालावी. ती दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटरच बाहेर असावी. एवढ्याशा काडीवर चिमणी आरामात बसते, कबुतराला मात्र सहसा तोल सावरता येत नाही.

काडीच्या थोडे वर दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढी खिडकी कापावी. तुकडा पूर्ण काढून टाकू नये. खालची आणि बाजूंची कड कापून तो आत ढकलावा. त्याचा आडोसा होतो आणि दाणे भसाभस सांडत नाहीत. तळाला सुईने चार भोके पाडावीत, म्हणजे आत गेलेले पाणी साचत नाही. बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी भरून, झाकण लावून बाटली टांगावी.

चाळणी आणि टोपली

पिठाची जुनी चाळणी हे पाखरांसाठी उत्तम ताट आहे, कारण जाळीतून पाणी निथळते आणि दाणे कुजत नाहीत. पण ती उघडी ठेवली तर कबुतरांचीच पंगत बसेल. म्हणून तिच्यावर भाजीची तारेची जुनी टोपली पालथी घालून कडेने बारीक तारेने बांधावी. तारांमध्ये साधारण चार सेंटिमीटरची फट असली की चिमणी आत जाते, कबूतर बाहेर राहते.

बुलबुलांना दाण्यांपेक्षा फळ आवडते. नारळाच्या करवंटीला तीन भोके पाडून ती सुतळीने कुंडीतल्या झाडाजवळ टांगावी आणि तीत पपई, केळे किंवा पेरूची फोड ठेवावी. उरलेले फळ संध्याकाळी काढून टाकावे. नाहीतर मुंग्या आणि माश्या होतात.

उन्हाळ्यात दाण्याइतकेच पाणीही महत्त्वाचे. मातीची परळ किंवा कुंडीखालची जुनी थाळी घेऊन तीत दोन-तीन सेंटिमीटरच पाणी ठेवावे आणि मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे. तेच पाणी आठवडाभर राहिले तर त्यात डास होतात.

हे मात्र टाळा

फिनाईल, कीटकनाशक किंवा अॅसिडच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरू नयेत. रंगाचे पोपडे निघणारे जुने डबेही नकोत. जुन्या रंगात शिसे असू शकते. पत्र्याची कापलेली धार पक्कडीने आत वळवावी. टांगायला नायलॉनचा दोरा किंवा मांजा नको, त्यात पाय अडकून पक्षी जखमी होतात. फीडर मांजराच्या उडीच्या टप्प्याबाहेर असावा. पावसाळ्यात तो छपराखाली हलवावा.

शेव, फरसाण, फोडणीचा भात, बुरशी आलेले शेंगदाणे पाखरांना घालू नयेत. मिठाचे आणि तळलेले पदार्थ त्यांना सोसत नाहीत.

स्वच्छता हीच खरी सेवा

एकाच ताटात अनेक पक्षी जेवले की एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. म्हणून दाणे रोज थोडेच भरावेत. आठवड्यातून एकदा फीडर गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा. एखादा पक्षी पिसे फुगवून मलूल बसलेला दिसला तर फीडर दोन आठवडे काढून ठेवावा.

काळजी माणसांचीही घ्यायला हवी. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे आदेश 2025 मध्ये निघाले, ते याच कारणाने. त्यामुळे कठड्यावरची वाळलेली विष्ठा झाडूने झटकू नये. आधी पाणी मारून, नाकातोंडाला मास्क लावून ती पुसून घ्यावी.

दाण्याच्या पलीकडे

पाखरांना दाणा घालणे ही आपली जुनी रीत. कोकणात दाराला भाताच्या लोंब्या बांधतात, तर अहमदाबादच्या पोळांमध्ये पक्ष्यांसाठी उभारलेले नक्षीदार चबुतरे आजही दिसतात. 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो आणि 2012 मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला. पण चिमणीची पिल्ले दाण्यावर वाढत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना अळ्या आणि किडे लागतात. म्हणून फीडर टांगणाऱ्या घराने कुंड्यांवर विषारी औषध फवारणे थांबवावे. तुळशीवर, जास्वंदीवर चार अळ्या दिसल्या तर तो पिल्लांचा घास समजावा.

नवा फीडर टांगला की पाखरे लगेच येतील असे नाही. कधी आठवडा जातो, कधी महिना. तोवर घरात कामे वाटून घ्यावीत: बाटली कापायची आईने, पाणी बदलायचे नातवाने आणि दाणे भरायचे आजींनी. खालच्या बाईंनाही एकदा वर बोलावून हा उद्योग दाखवावा. कठडा स्वच्छ राहतो हे पटले की त्यांचा विरोध राहणार नाही. कदाचित त्याही घरची जुनी चाळणी घेऊन येतील.