समुद्राचा ताळेबंद



अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. सह्याद्रीची भिंत मध्ये उभी आहे आणि कोकणची किनारपट्टी तिच्या पलीकडे आहे. तरीही श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव अशा कोणत्याही गावच्या आठवडे बाजारात गेले की एका कडेला सुक्या मासळीच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. बोंबील, सुकट, जवळा यांचा वास अर्ध्या बाजारात दरवळत असतो. शेतमजुराच्या आणि ऊसतोड कामगाराच्या घरी भाकरीबरोबर मूठभर सुकट शिजते, तेव्हा तो समुद्राचाच घास असतो. म्हणून समुद्रातून किती मासळी काढावी, ती कोणी काढावी आणि ती मर्यादा कोणी ठरवावी, हा प्रश्न केवळ कोळीवाड्यांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो आपल्याही ताटाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण असे की, मासेमारीवरील नियम गेल्या दहा वर्षांत पुष्कळ वाढले. पण त्या नियमांच्या मुळाशी जो हिशेब असावा लागतो, तो अजून लोकांसमोर आलेला नाही.

नियम काय आहेत?

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंत असे. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला ओढायची आणि दर्याला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटायची, हा कोळी समाजाचा रिवाज कोणत्याही कायद्यापेक्षा जुना आहे. मर्यादा ही सरकारने कोळ्यांना शिकवलेली गोष्ट नाही.

५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. माशांच्या थव्याला वेढा घालून संपूर्ण थवाच उचलणारे हे जाळे. त्याचे नवे परवाने थांबवावेत, जुन्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावी आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवावा, असे ठरले. रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला. दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आणि खटले तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर आणि सुरमई ३७० मिलिमीटर यांहून लहान असल्यास ती पकडू अगर विकू नये. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि तेथे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना प्रवेशपास सक्तीचा केला.

ही यादी लहान नाही. परंतु ती नीट वाचली असता एक उणीव दिसते. दिवस मोजले जातात, जाळ्याची आस मोजली जाते, माशाची लांबी मोजली जाते, परवाने मोजले जातात. मात्र या वर्षी या समुद्रातून एकूण किती पापलेट काढल्यास पुढील वर्षी तेवढेच शिल्लक राहील, हा आकडा कोठेही बंधनकारक म्हणून लिहिलेला नाही. अन्य अनेक देशांत मासेमारीचे नियमन याच आकड्याभोवती फिरते. आपल्याकडे तो नाही.

आकडे काय सांगतात?

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी मासळीच्या उतरणीचा अंदाज काढते. तिच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये महाराष्ट्रात २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक चक्रीवादळे आली आणि नौकांचे अनेक दिवस वाया गेले, हे खरे. म्हणून सारा दोष अतिमासेमारीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. याच संस्थेने २०२२ च्या स्थितीबाबत देशातील १३५ मत्स्यसाठे तपासले असता त्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग काळजी कशाची? देशाची सरासरी चांगली असली तरी सातपाटीच्या किंवा अर्नाळ्याच्या मच्छिमाराला त्या सरासरीवर घर चालवता येत नाही. त्याच्या जाळ्यात पापलेट येते की नाही आणि आले तर केवढे येते, हाच त्याचा आकडा. पिल्ले अंडी घालण्याआधीच उचलली गेली तर पुढच्या हंगामाचे बियाणे आपण आजच खाऊन टाकतो. बियाण्याची कणगी रिकामी करणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या जिल्ह्यात कोणी शहाणा म्हणणार नाही.

केवळ कोटा पुरेसा नाही

परदेशांत एकूण पकडीवर मर्यादा असते. शास्त्रज्ञ साठा मोजतात, सरकार वर्षाचा आकडा ठरवते आणि तो नौकांमध्ये वाटला जातो. न्यूझीलंडने ही पद्धत १९८६ पासून लागू केली. अमेरिकेने २००६ च्या कायद्याने वार्षिक पकड-मर्यादा सक्तीच्या केल्या. आपणही हेच करावे, असे कोणी म्हटले तर ते चटकन पटते. तथापि दोन उदाहरणे आपल्याला सावध करतात.

पहिले कॅनडातील न्यूफाउंडलंडचे. तेथील कॉड मासा शतकानुशतके पुरला होता. कोटा होता, शास्त्रज्ञ होते, कार्यालये होती. परंतु १९८० च्या दशकात साठ्याचा अंदाज प्रत्यक्षाहून मोठा धरला गेला आणि कोटाही त्याच मापाने मोठा राहिला. किनाऱ्याजवळचे लहान मच्छिमार सांगत होते की मासा कमी झाला आहे, बारीक झाला आहे. त्यांचे म्हणणे वेळेवर कोणी मनावर घेतले नाही. जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारीच थांबवावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू करण्याची घोषणा व्हायला २०२४ साल उजाडले, तीही मर्यादित प्रमाणात. दरम्यान एक पिढी निघून गेली.

दुसरे उदाहरण आइसलँडचे. तेथे मासा वाचला. पण १९९० च्या कायद्याने कोटा विकता-विकत घेता येऊ लागला. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी तो गोळा केला. समुद्र सर्वांचा असला तरी त्यातील मासा मोजक्यांच्या नावावर चढला. या पद्धतीत भेदभाव होतो, असे मत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००७ मध्ये दिले.

याखेरीज आपल्या समुद्राची एक वेगळी अडचण आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेल्या डोल जाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली सारे एकाच वेळी येते. एका जातीचा कोटा संपला म्हणून जाळे ती जात वगळून बाकीची मासळी धरीत नाही. कोट्याबाहेरचा मासा मेलेल्या अवस्थेतच पाण्यात फेकावा लागतो. युरोपात हेच वर्षानुवर्षे घडले, म्हणून २०१३ मध्ये तेथील धोरण बदलून असा मासा फेकण्यास मनाई करावी लागली. थंड समुद्रातील पद्धत उष्ण समुद्रात जशीच्या तशी उतरवता येणार नाही.

हिवरे बाजारचा धडा

मग मार्ग कोणता? तो शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने असाच एक प्रश्न सोडवून दाखवला आहे. जमिनीखालचे पाणीही समुद्रातल्या मासळीसारखेच. ते दिसत नाही, त्याला कुंपण घालता येत नाही आणि जो आधी उपसतो त्याचे ते होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या दुष्काळी गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदानाने पाणी अडवले आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे ठरवले. पुढे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पडली. पाऊस किती झाला, माणसांना व जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे सर्वांच्या देखत ठरते. पाऊस कमी असेल तर पिकेही कमी पाण्याची. मोठ्या बागाईतदाराला वेगळा नियम नाही.

ही दुसरे काय, वार्षिक पकड-मर्यादाच होय. ती टिकली याची आम्हांस तीन कारणे दिसतात. आकडा लपवला गेला नाही. बंधन सर्वांवर सारखे आले. आणि ज्यांना बंधन पाळायचे होते, तेच ते ठरवायला बसले.

उलट बाजूही आपल्याला ठाऊक आहे. भंडारदरा आणि मुळा धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची वेळ आली की वरचे आणि खालचे यांच्यात दरवेळी तंटा उभा राहतो. २००५ चा कायदा आहे, समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे, समित्यांचे अहवाल आहेत. तरीही मोजणीवर आणि वाट्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसत नाही, तोवर निर्णय न्यायालयात जाऊन पडतो. समुद्रातही हेच आहे. डोल जाळी बांधण्याच्या कवींवरून वसई-उत्तनचे आणि पालघर-डहाणूचे मच्छिमार गेली कित्येक वर्षे एकमेकांसमोर उभे आहेत. दोन्हीकडे कष्टकरीच आहेत. जागा आणि मासळी आटत गेली की गरीब गरिबाशी भांडतो, आणि मोठी जहाजे दूर पाण्यात आपले काम करीत राहतात.

समुद्राला गावाची शीव नसते, हे आम्ही जाणतो. पापलेटचा थवा महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द पाहून पोहत नाही. म्हणून एका ग्रामसभेचे काम येथे पुरणार नाही; शेजारच्या राज्यांना एकत्र बसावे लागेल. परंतु तत्त्व तेच राहते.

काय व्हावे?

आमच्या मते पहिली गरज जाहीर ताळेबंदाची आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मुख्य जातींची किती मासळी उतरली आणि साठ्याची स्थिती काय आहे, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी मच्छिमार सहकारी संस्थांच्या सभेत मराठीतून मांडले जावे आणि तेथील अनुभवी तांडेलांचे म्हणणेही त्यात नोंदले जावे. न्यूफाउंडलंडला हेच जमले नाही.

दुसरी गोष्ट, जाती-जातींचा कोटा आज शक्य नसला तरी नौका आणि जाळी यांच्या संख्येवरची मर्यादा शक्य आहे. पर्ससीनबाबत ती २०१६ मध्ये ठरली आहेच. ठरलेले अमलात यावे. ड्रोनने लहान होडी टिपायची आणि मोठ्या नौकेकडे काणाडोळा करायचा, असे झाले तर कायद्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल.

तिसरी गोष्ट, मर्यादेचा भार कोणी सोसावा हे स्पष्ट असावे. बंदीच्या दोन महिन्यांत खलाशाच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या घरात चूल पेटली पाहिजे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी साहाय्याची तरतूद आहे. ते वेळेवर हाती पडले तरच उपयोगाचे. उपाशी माणसाला पिल्लू सोडून दे, असे सांगण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या स्वतःची. प्रायश्चित्तकाळात आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करून मासळी आणणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. बर्फातून आलेले तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण घेतो. १३५ मिलिमीटर म्हणजे साधारण सव्वापाच इंच, वीतभरही नाही. तेवढीही लांबी नसेल तर ते घेऊ नये आणि विक्रेत्याला कारण सांगावे. मागणीच नसेल तर ते पिल्लू पकडण्यात कोणाला लाभ राहणार नाही. मुळा धरणाच्या किंवा नाथसागराच्या काठी राहणाऱ्यांनी गोड्या पाण्यातील मासळीलाही हाच नियम लावावा.

त्याग म्हणून घेतलेला घास दुसऱ्याच्या उद्याच्या घासावर उठू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. हिवरे बाजारने पावसाचा हिशेब मांडला तेव्हा त्या गावाकडे ना अधिक पाऊस होता ना अधिक पैसा. हिशेब मांडण्याची आणि तो सर्वांनी मान्य करण्याची तयारी मात्र होती. किनाऱ्यावर ती तयारी व्हायची असेल तर सह्याद्रीच्या अलीकडे बसून मासळी खाणाऱ्या आपणही तिच्यात सामील झाले पाहिजे.