मोहोळ काढा, जाळू नका

ओडिशातील मयूरभंजच्या आदिवासींच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ऐकून आपल्याकडे अनेकांनी नाक मुरडले. मुरडोत बापडे! माशीच्या पोटातून आलेला मध आपण देवापुढे ठेवतो, आणि तो आणणाऱ्या कातकऱ्याशी मात्र दारातच घासाघीस करतो.

लोहगड, राजमाचीच्या बाजूला कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ बसते. रात्री पेटता पलिता लावायचा, माश्या होरपळल्या की अख्खे पोळे खाली पाडायचे, ही जुनी रीत. यात नुकसान काढणाऱ्याचेच. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका बाजूच्या फुगवट्यात असतो. बाकी भागात अंडी-अळ्या. धूर देऊन फुगवटा तेवढा कापला तर माश्या सहसा जागा सोडत नाहीत, आणि फुलोरा असेतो तिथेच पुन्हा मध भरतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने अंगभर पोशाख, दोर आणि स्वच्छ भांडी घेऊन असा मध काढायला आदिवासींना शिकवले आहे. पुण्यात तर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मावळच्या पाड्यांवर हे शिक्षण का पोचू नये?

खरी मेख विक्रीत आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे गिऱ्हाइकांची रीघ लागते, पण रस्त्याकडेला दारूच्या जुन्या बाटलीतला मध पाहून तेच गिऱ्हाईक "गुळाचा पाक असेल" म्हणून पुढे जाते. त्याचेही चुकत नाही. पोळे हाताने पिळले की अळ्यांचा रस मधात उतरतो आणि मध आंबतो. मेण लावून बंद झालेल्या घरांतलाच मध घ्यावा, तो पिळू नये, फडक्यातून आपोआप गळू द्यावा. अन्नसुरक्षेच्या मानकानुसार मधात शंभरात वीस भागांहून जास्त पाणी चालत नाही, आणि आग्याचा मध मुळातच पातळ. फवारणीच्या औषधाच्या डब्यात मध भरणे तर शुद्ध अपराध! उरलेले मेण वितळवून वेगळे विकावे. ते फेकणारे अजून आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण हे गौण वनोपज धरून त्यावर आदिवासींची मालकी मान्य केली आहे. पाड्यावरच्या माणसाला हे सांगणार कोण? ग्रामसेवक आणि वनहक्क समितीनेच सांगायला हवे. मोहोळाचा हंगाम उन्हाळ्यात, पाऊस लागण्याआधीचा. तेव्हा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मध काढणाऱ्यांची यादी करावी, प्रशिक्षणाची मागणी ठरावात घालावी, आणि गटाच्या नावे अन्नपरवान्याची नोंदणी त्याच महिन्यात उरकून घ्यावी.