बसलेल्या आठ जणी



पाऊस लागला की आपल्या बडोद्यात दोन विषय हमखास निघतात: विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं आणि सेव-उसळ खायला कुठे जायचं. तिसरी गोष्ट मात्र घराघरांत गुपचूप घडते. शाळेच्या खो-खो संघातली मुलगी सरावाला जायची थांबते.

माझी भाची नववीत आहे आणि शाळेच्या संघातून खेळते. जूनमध्ये संघात बारा जणी होत्या. जुलैच्या मध्यावर सरावाला जेमतेम सात यायला लागल्या. खेळाचा कंटाळा कुणालाच आला नव्हता, कारणं घरची होती. चिखलाने भरलेला गणवेश दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. आभाळ भरलं की लवकर अंधारतं. क्लास चुकतो. पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत राहावं लागतं आणि कपडे बदलायला शाळेत धड जागा नसते. यातलं एकही कारण खोटं नाही. पण हाच पाऊस मुलाच्या वाट्याला आला की आपण म्हणतो, "रेनकोट घेऊन जा." मुलीला म्हणतो, "पाऊस संपू दे, मग बघू." स्पर्धा पावसाळा संपता संपता असते. तोवर थांबलं तर संघच उरत नाही.

खो-खोमध्ये हे जास्त जाणवतं. आक्रमणाला नऊ जणी लागतात. एक धावते आणि आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. धावणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्याशिवाय बदलता येत नाही. समोरची पलीकडे निसटली, की बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून खो द्यायचा आणि आपण तिच्या जागी बसायचं. आपला पाठलाग अर्ध्यावर दुसरीच्या हवाली करायचा! बसलेलीला मागचं दिसत नसतं. ती आवाजावर आणि पाठीवर पडलेल्या हातावर विसंबून उठते. हा विश्वास रोजच्या सरावातूनच येतो. सात जणींत तर बसायची रांगही पुरी होत नाही.

मुलींच्या बाईंनी यावर साधा मार्ग काढला. निसरड्या मैदानावर सूर मारणं आणि खांबाला वळणं बंद. त्याऐवजी शाळेच्या व्हरांड्यात खडूने चौकोन आखून मुलींना बसवलं. खो ऐकताच उठायचं कसं, पहिलं पाऊल कुठे टाकायचं, एवढाच सराव. कपडे बदलायला एका वर्गाची किल्ली मिळाली. बाकीचं मुलींनी ठरवलं. एका रस्त्यावरच्या मुली एकत्र घरी जाऊ लागल्या, दोन-तीन पालकांनी न्यायला येण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. एका मैत्रिणीच्या घरी चौघी मिळून गेल्या आणि थेट तिच्या आजींशी बोलल्या.

अकरा जणी परत आल्या. बारावीला संध्याकाळी जमत नाही, कारण घरचा स्वयंपाक तिच्याकडे आहे. तिच्यासाठी मुली आता मधल्या सुट्टीत वीस मिनिटं व्हरांड्यात बसतात. डबा त्याआधी घाईघाईने संपवतात. "तिची जागा तिचीच आहे," असं भाचीने मला अगदी सहज सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. ते सामने छताखाली, मॅटवर झाले. आपल्या मुलींची सुरुवात मात्र शाळेच्या मातीतूनच होते आणि ती माती जुलैत ओलीच असणार. या खेळाचे नियम घडवण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याबरोबर आपल्या बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचाही वाटा आहे. निदान बडोदेकरांनी तरी पावसापायी मुलींना घरी बसवू नये.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात किंवा शेजारी अशी खेळाडू असेल, तर या आठवड्यात एवढं बघा: गणवेशाचा एक जास्तीचा जोड, पिशवीत कोरडे कपडे, आणि परतीच्या वाटेवर सोबत. शाळेत कपडे बदलायला खोली आहे का, हे पालकसभेत विचारा. आणि घरचा स्वयंपाक एखाद्या मुलीवर असेल, तर आठवड्यातले दोन दिवस तो दुसऱ्या कुणी करायला काय हरकत आहे?