‘डॉक्टर, नेमके कधी?’

पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न ‘काय झाले आहे?’ हा नाही. तो आहे, ‘कधी?’ कधी उतार पडेल, कधी चालू लागतील, आणि आवाज खाली आणून, दाराबाहेर, ‘किती दिवस आहेत?’ पूर्वी हा प्रश्न माझ्याआधी पंचांग आणि पत्रिकेकडे जाऊन येत असे. अलीकडे तो फोनवरून टॅरो पत्त्यांकडेही जाऊन येतो.

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील जुन्या पेठेतल्या एका आजींचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्यांच्या परदेशस्थ मुलाने मला विचारले, “डॉक्टरकाका, आत्ता येऊ की दिवाळीत?” त्याच्या बहिणीने टॅरो वाचणाऱ्या एका बाईंकडून पत्ते काढून घेतले होते; उत्तर आले होते ‘दोन महिने’. वीस वर्षे आजींच्या हातचा चहा घेतलेला मीही म्हणालो, “दिवाळी नक्की पाहतील.” आजी ललितापंचमीला गेल्या. मुलगा तिसऱ्या दिवशी पोहोचला. त्याने मला दोष दिला नाही, फक्त नमस्कार केला. तो नमस्कार मला आजही जड जातो.

म्हणून केवळ पत्त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तरीही पत्त्यांतून ‘काळ’ कसा काढतात, हे आपण जाणून घ्यावे. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निर्माण झाले. भविष्यकथनासाठी त्यांचा सर्रास वापर अठराव्या शतकापासूनचा. एकूण पत्ते ७८. त्यांपैकी ५६ पत्ते छड्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेले असतात. पत्त्यावरचा आकडा घ्यायचा आणि रंगावरून एकक ठरवायचे, ही काळ सांगण्याची एक प्रचलित रीत. मात्र एक वाचक छड्यांना दिवस मानतो, तर दुसरा आठवडे. कुणी तलवारींना दिवस मानतो. कुणी रंगांवरून ऋतू ठरवतो. पत्ता तोच, आकडा तोच. काळ मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. शिवाय जुळलेले भाकीत आपण वर्षानुवर्षे सांगतो आणि चुकलेले महिन्याभरात विसरतो.

कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून, कोणती कुणाची हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. अचूकतेचे प्रमाण सुमारे ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. ही चाचणी टॅरोची नव्हती. पण दावा कसा तपासावा, याचा धडा तिच्यात आहे.

आता आम्हा डॉक्टरांची तपासणी. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शिकागोतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४३ डॉक्टरांनी ४६८ अत्यवस्थ रुग्णांचे उरलेले आयुष्य वर्तवले होते. त्यांतील केवळ २० टक्के अंदाज बरोबर ठरले. ६३ टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी होते. डॉक्टरांचा रुग्णाशी परिचय जितका जुना, तितकी अचूकता कमी! ते वाचताना मला आजींचा चहा आठवला.

मग ‘कधी’चे उत्तर कुठे शोधावे? तारखेऐवजी बदलाचा वेग विचारावा. गेल्या महिन्याच्या तुलनेत या महिन्यात खाणे, चालणे, जागे राहणे किती कमी झाले? बदल महिन्यामहिन्याने दिसत असतील, तर बहुधा महिने हाताशी असतात. आठवड्याआठवड्याने दिसत असतील, तर आठवडे. हाही अंदाजच, पण तो रुग्णाकडे पाहून केलेला असतो. डॉक्टरांना ‘किती दिवस?’ विचारण्याऐवजी असे विचारा: “सर्वांत चांगले काय घडू शकेल, सर्वांत वाईट काय, आणि दोन्हींसाठी आम्ही आज काय करून ठेवावे?”

काही ठिकाणी मात्र काळ निश्चित असतो, आणि तेथे मुहूर्त वा पत्ता यांची वाट पाहणे महागात पडते. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तत्काळ १०८ ला फोन करा. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. अंथरुणावर पडून राहिल्यास न्यूमोनिया आणि शय्याव्रण यांचा धोका वाढतो. छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, तर सकाळ उजाडण्याचीही वाट पाहू नये.

रात्ररात्र उशाशी बसणाऱ्या लेकीला किंवा सुनेला पत्त्यांतून घटकाभर धीर मिळत असेल, तर मी तिच्याशी वाद घालणार नाही. अनिश्चितता सोसणे हे शुश्रूषेतील सर्वांत अवघड काम आहे. फक्त त्या उत्तरावर विसंबून औषध थांबवू नका, उपचार लांबवू नका आणि भेट पुढे ढकलू नका.

मीही आता तारीख सांगत नाही. दूरच्या मुलाचा फोन आला की म्हणतो, “येणे शक्य असेल, तर आत्ताच या. आई दिवाळीलाही असली, तर पुन्हा या. दोनदा भेट झाली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही.”