अंबरनाथचा शिलालेख आणि वांगणीचा अंधार

१/ अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. त्याआधी अवघी सहा वर्षे, जुलै १०५४ मध्ये, वृषभ राशीत एक ‘नवा’ तारा झळकला. चिनी नोंदींनुसार तो २३ दिवस भर दिवसा आणि रात्री जवळपास दोन वर्षे दिसत होता.

२/ कोकणात तेव्हा पावसाळा होता. पण पुढच्या हिवाळ्यांत तो इथूनही दिसला असणारच. शिलालेखात मात्र त्याचा उल्लेख नाही. चिनी दरबाराने लिहून ठेवले, म्हणून तो तारा इतिहासात उरला.

३/ त्या स्फोटाचा अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ. १९२१ मध्ये जॉन डंकन यांनी सुमारे साडेअकरा वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा हा मेघ पसरत असल्याचे दिसले. १९२८ मध्ये हबल यांनी तोच वेग उलटा मोजून त्याचा संबंध १०५४ शी जोडला. छायाचित्र इतिहासाचे साधन ठरले, ते असे.

४/ आज हेच काम हौशी निरीक्षकही करू शकतो. लहान दुर्बीण, कॅमेरा, अचूक तारीख आणि वीस वर्षांचा धीर एवढेच भांडवल त्याला लागते. म्हणून हा छंद आयुष्यभराचा.

५/ १९८६ मधील हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने बदलापूरच्या पुढे, वांगणीला, रात्रभराचे आकाशदर्शन भरवले. कित्येकांनी आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली ती लोकलने तिथवर जाऊन.

६/ आता तो अंधार आटत आहे. त्याचा दोष माणसांना देणे अन्यायाचे ठरेल. उल्हासनगर फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये नावारूपाला आले. अंबरनाथ कारखान्यांनी वाढले. बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी वसवले. इथला प्रत्येक दिवा कुणाच्या तरी गरजेतून लागला आहे.

७/ पण आकाशाकडे फेकलेला प्रकाश कुणाच्याच गरजेचा नाही. दिव्यांना झाकण घाला, रोख जमिनीकडे ठेवा. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, म्हणजे महाराष्ट्राला हे अशक्य नाही.

८/ आणखी एक. जुन्या निरीक्षकांच्या वह्या आणि हार्ड डिस्क रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी दप्तरांइतक्याच आस्थेने त्या जपल्या पाहिजेत. शिलालेख वाचणाऱ्याला न लिहिलेल्या गोष्टीची किंमत ठाऊक असते.