फीत कापायला सगळे, पोतं उघडायला कुणी नाही

ठाणे जिल्ह्यात कुठे मत्स्यतळ्याचं नाहीतर बायोफ्लॉकच्या टाकीचं उद्घाटन असलं की मला निमंत्रण येतं. वार्ताहर आहे, जावं लागतं. नारळ फुटतो, फीत कापली जाते, साहेब बोटुकली पाण्यात सोडतात, फोटो होतो. बाजूला खाद्याची पोती रचलेली असतात. त्यातलं एक उघडून "यात प्रथिनं किती, फॅट किती?" असं विचारणारा साहेब मला अजून भेटायचाय.

आणि धंदा बुडतो तो नेमका तिथेच.

मत्स्यशेतीचा निम्म्याहून जास्त खर्च एकट्या खाद्यावर जातो. रोहू, कटला, मृगळ वाढीला लागले की खाद्यात साधारण २५ ते ३० टक्के प्रथिनं लागतात, पिल्लं लहान असताना त्याहून जास्त. फॅट ५ ते ८ टक्के. या दोघांची जोडी जमली पाहिजे. माशाला पोहायला, जगायला ऊर्जा लागते. ती फॅटमधून आणि पिठूळ पदार्थांतून मिळाली तर प्रथिनं अंग भरायला उरतात. नाही मिळाली तर मासा महागडी प्रथिनंच जाळून टाकतो. चुलीत सागवान घालण्यातला प्रकार! उलट फॅट फार झालं तर मासा दिसतो गुबगुबीत, पण चरबी साठते पोटात आणि यकृतात. प्रथिनं जादा झाली तर त्यांचा अमोनिया होऊन पाण्यात उतरतो आणि मासा त्याच पाण्यात गुदमरतो.

आता गावातलं चित्र बघा. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण ग्रामीण हा आपला भाताचा पट्टा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, ही जुनी रीत. रीत वाईट नाही. पेंडीत ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं, चांगल्या कोंड्यात १२-१३. सरासरी काढा, २५ च्या पुढे जाते. पण हलरच्या गिरणीतून येणाऱ्या कोंड्यात निम्मं तूस असतं. कोंडा चार दिवस पडला की त्यातलं तेल खवट होतं. पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे सरळ विष. शेतकरी म्हणतो, "रोज टोपलीभर टाकतो, तरी मासा वाढत नाही." कसा वाढेल? टोपली भरलेली आहे, खुराक रिकामा आहे.

डोंबिवलीच्या बाजारात बर्फाच्या खोक्यांतून आंध्रची रोहू-कटला येते. तिकडे कोल्लेरूच्या भागातला शेतकरीही मुख्यतः कोंडाच घालतो, पण तेल काढलेला. भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून, पोती बांबूला बांधून. मासा हवं तेवढं ओढून खातो, नासाडी कमी. आपल्याकडे मूठ मूठ फेकतात, निम्मं तळाशी कुजतं.

काहींनी दुसराच मार्ग धरला. कत्तलखान्याचा, कोंबडीचा टाकाऊ माल फुकटात मिळतो, प्रथिनं-फॅट भरपूर. तो पचवून झटपट वाढणारा मासा म्हणजे थाई मांगूर. देशात २००० सालापासून बंदी, हरित लवादाने २०१९ मध्ये पुन्हा बडगा उगारला. तरी भिवंडीकडे त्याची तळी सापडत राहिलीच. कारवाई हवीच. पण चांगलं खाद्य परवडत नाही, समजावून सांगणारा कुणी नाही, तोवर हा सडका शॉर्टकट कुणाला ना कुणाला खुणावणारच.

"सरकार अनुदान देतं की!" देतं ना. २०२० ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे, तळ्याला पैसे आहेत, बीज-खाद्यालाही आहेत. पण अनुदान पोत्यावर मिळतं, पोत्यात काय आहे त्यावर नाही. एक साधा हिशेब करू, आकडे समजण्यापुरते. एक खाद्य ४० रुपये किलो, प्रथिनं २८ टक्के. दुसरं ३२ रुपये, प्रथिनं १८ टक्के. पहिल्यात एक किलो प्रथिनं पडली १४३ रुपयांना, दुसऱ्यात १७८ ला. स्वस्त पोतं महाग पडलं की नाही? पण लेबल खरं असेल तरच या हिशेबाला अर्थ.

"पत्रकाराला माशातलं काय कळतं?" असंही कुणी म्हणेल. माझं सोडा. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्यात आहे, कल्याणहून लोकल-मेट्रोच्या अंतरावर. हे शास्त्र तिथे शिकवलं जातं. ते वर्सोव्याहून मुरबाडला पोचायला अजून किती वर्षं लागणार?

म्हणून तीनच मागण्या.

१. खाद्य, पेंड, कोंडा यांचा नमुना तपासून द्यायची सोय तालुक्यात करा. शेतकऱ्याला मुंबईला पळवू नका.

२. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक पोत्याचं प्रथिन-फॅट तपासा, आकडे जाहीर करा. लेबल खोटं निघालं तर पुरवठादार काळ्या यादीत.

३. उद्घाटनानंतर दोन वर्षांनी किती किलो मासा निघाला आणि किती किलो खाद्य लागलं, तेही सांगा. फोटो आम्ही तेव्हाही छापू.

राज्याने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. चांगलंच केलं. मग खत-बियाण्यात भेसळ झाली की जसा आरडाओरडा होतो, तसाच खाद्याच्या पोत्यावरूनही व्हायला हवा.

तळं असलेल्या मंडळींनी खाली लिहा: कोणतं खाद्य घालता, लेबलवर प्रथिनं किती, वर्षात मासा किती ग्रॅमचा झाला. मी एकेक आकडा घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.